गल्लीत टॉवर येतो तेव्हा खालचे पंधरा फूट कसे तपासावेत

सांगलीत एखाद्या जुन्या बंगल्याच्या जागेभोवती निळ्या पत्र्याचे कुंपण उभे राहिले, की आठवड्याभरात गल्लीत एकच प्रश्न फिरू लागतो : किती मजली होणार? प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो पहिला असू नये. गेली वीसेक वर्षे या शहरात इमारतींचे नकाशे काढण्याचे आणि ते जागेवर उतरवून घेण्याचे काम करताना माझे मत असे झाले आहे, की टॉवर वस्तीत सामावणार की वर्षानुवर्षे खुपत राहणार, हे बहुतांशी जमिनीलगतच्या पंधरा फुटांत ठरते. भराव किती टाकला, फाटक कुठे काढले, कुंपणाची भिंत कशी बांधली, पाणी कुठे सोडले आणि सावली कोणाच्या अंगणात पडली, या गोष्टी शेजाऱ्याला रोज भोगाव्या लागतात. बारावा मजला त्याला फक्त मान वर केली तरच दिसतो.

गावभाग, खणभाग आणि पेठांमधले सांगली शहर खाली दुकान, वर घर आणि पुढे ओटा अशा रचनेवर वाढले. विश्रामबागेकडचा भाग बंगल्यांचा होता. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनंतर उंचावरच्या जागांकडे, म्हणजे विश्रामबाग, मिरज रस्ता आणि कुपवाडच्या बाजूला लोकांचा ओढा वाढला, आणि जिथे दहा-वीस गुंठ्यांवर एक कुटुंब राहत होते तिथे चाळीस-पन्नास कुटुंबे राहू लागली. हा बदल थांबणार नाही, आणि तो थांबावा असे मला वाटतही नाही; शहराने शेतीत पसरत जाण्यापेक्षा आहे त्या रस्त्यांवर, आहे त्या नळांवर दाट होणे पुष्कळदा शहाणपणाचे असते. मात्र हे दाट होणे नीट व्हावे यासाठी शेजाऱ्यांनी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने पाहावे, ते पुढे लिहिले आहे.

कागद हातात घ्या

बांधकामाच्या जागेवर परवानगीचा फलक लावणे बंधनकारक असते. त्यावर परवानगीचा क्रमांक, दिनांक, जमीनमालक, वास्तुविशारद आणि संरचना अभियंता यांची नावे असतात. त्याचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ठेवावा. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील, तर प्रकल्पाची महारेरामध्ये, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी सक्तीची आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापावा लागतो. तो स्कॅन केला की प्रकल्पाचे पान उघडते. सदनिका विकत घेणाराच ते पान पाहू शकतो असा अनेकांचा समज आहे, पण ते कोणालाही खुले असते. मंजूर नकाशा, सदनिकांची आणि पार्किंगची संख्या, काम पूर्ण करण्याची कबूल केलेली तारीख, हे सगळे तिथे सापडते.

तिथे नकाशा स्पष्ट दिसत नसेल, तर महापालिकेच्या नगररचना विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. शुल्क दहा रुपये असते आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असे मोघम लिहू नये. "अमुक सिटी सर्व्हे क्रमांकावरील मंजूर स्थळदर्शक नकाशा, जोत्याची पातळी दाखवणारा छेद, पार्किंगचा तक्ता आणि पर्जन्यजल निचऱ्याचा आराखडा यांच्या प्रती" असे नेमके मागावे. मोघम अर्जाला मोघम उत्तर येते.

एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. महाराष्ट्रात साध्या बांधकाम परवानगीपूर्वी शेजाऱ्यांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकण्याची पद्धत नाही. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, आणि नियमांत बसणारा प्रस्ताव मंजूर होतो. इमारतीची उंची आणि एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहेत : दाट गावठाणाबाहेर मूळ एफएसआय १.१ असला, तरी रुंद रस्त्यावर प्रीमियम (जादा शुल्क) भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क) विकत घेऊन तो बराच वाढतो. म्हणून गल्लीसमोरचा रस्ता विकास आराखड्यात किती रुंद दाखवला आहे, हे टॉवर येण्यापूर्वी कितीतरी वर्षे कळू शकते. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते, आणि वस्तीचे म्हणणे ऐकले जाण्याची खरी संधी तीच असते. ती मुदत बहुतेक गल्ल्या झोपेत घालवतात आणि मग पत्र्याचे कुंपण लागल्यावर निवेदन घेऊन धावतात.

भराव आणि पातळी

सांगलीत यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा नाही, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल.

कृष्णेच्या पुराची उंची आयर्विन पुलाजवळ मोजतात. १९२९ साली झालेल्या या पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. मात्र हे पुलाजवळचे फूट आहेत, तुमच्या दारातले नव्हेत. आयर्विनला अमुक फूट पाणी आले की आपल्या पायरीला किती लागते, हे प्रत्येक गल्लीचे वेगळे गणित असते. जुन्या लोकांना ते तोंडपाठ असते. नव्या टॉवरच्या वास्तुविशारदाला ते बहुधा ठाऊक नसते, आणि कोणी सांगितल्याशिवाय होणारही नाही.

पूररेषा दोन असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा बांधकामाला निषिद्ध असतो. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम करता येते, आणि त्यांतली मुख्य अट जोत्याच्या पातळीची असते. जागा त्या पट्ट्यात असेल तर परवानगीच्या आदेशातली ही अट शब्दशः वाचावी.

अट पाळण्याचे दोन मार्ग आहेत, आणि शेजाऱ्याच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला मार्ग म्हणजे इमारत खांबांवर उचलणे, खालचा मजला पार्किंगसाठी मोकळा ठेवणे आणि जमीन आहे तशी राहू देणे. पूर आला तर पाणी खांबांमधून जाते आणि ओसरताना परत निघून जाते. दुसरा मार्ग म्हणजे सगळ्या भूखंडावर मुरूम ओतून तोच तीन-चार फूट उंच करणे. दुसऱ्या मार्गाने टॉवर कोरडा राहतो, पण पूर्वी त्या जागेवर पसरणारे आणि मुरणारे पाणी आता बाजूच्या जुन्या घरांकडे वळते. टॉवरची जमीन वर गेली की शेजारचे घर न हलता खड्ड्यात जाते.

आमच्याच गल्लीत हे घडले. एका योजनेच्या भूखंडावर दोन आठवडे मुरुमाच्या गाड्या येत होत्या आणि आम्ही सगळे धुळीची तक्रार करत होतो. पहिल्याच पावसाळ्यात बाजूच्या बैठ्या घराच्या अंगणात घोटाभर पाणी साचले आणि न्हाणीघराचा चेंबर उलटा वाहू लागला. त्या घरातल्या काकूंनी मला अंगणात बोलावून विचारले, "काय हो, पाणी कधी वर चढतं का? मग यांच्या वाट्याचं आमच्याकडे कसं आलं?" उत्तर सोपे होते, पण सिद्ध करता येत नव्हते, कारण भरावापूर्वी जमीन नेमकी किती उंचीवर होती याची नोंद कोणीच ठेवली नव्हती. नकाशात जोते "रस्त्याच्या पातळीपासून" इतके, असे लिहिलेले होते आणि दरम्यान रस्त्यावरही डांबराचा नवा थर चढला होता. पातळ्या मोजणे हा माझा रोजचा धंदा असूनही मी ती नोंद ठेवली नव्हती, हे इथे कबूल केलेले बरे.

तेव्हापासून मी ज्याला त्याला एकच काम सांगतो, आणि ते पत्र्याचे कुंपण लागल्याच्या आठवड्यातच करायचे असते. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप हार्डवेअरच्या दुकानातून पन्नासेक फूट आणावी. तिच्यात हळूहळू पाणी भरावे. आत बुडबुडा राहिला तर मोजमाप चुकते, म्हणून दोन्ही टोके एकमेकांजवळ धरून पाणी सारख्या रेषेत येते का ते आधी पाहावे. मग एक टोक आपल्या भिंतीवरच्या २०१९ च्या पुराच्या डागाशी धरावे. डाग पुसला गेला असेल तर उंबऱ्याशी धरले तरी चालते. दुसरे टोक शेजारच्या भूखंडालगतच्या आपल्याच कंपाउंडच्या भिंतीवर धरावे. पाणी स्थिरावले की तिथे ऑइलपेंटने आडवी रेघ ओढावी आणि रेघेपासून भूखंडाच्या जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. तीन-चार ठिकाणी असे करून टेप आणि त्या दिवशीचे वर्तमानपत्र एका चौकटीत येतील असे फोटो घ्यावेत. एवढ्या कामाला दोन माणसे आणि एक सकाळ पुरते. पुढे भरावावरून वाद झालाच, तर "पूर्वी जमीन खाली होती हो" या वाक्यापेक्षा ती रेघ कितीतरी जड पडते.

याच्याच जोडीला निचऱ्याचा हिशेब विचारावा. वीस गुंठे म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटरची सर कोसळली, तर एवढ्या जागेवर एक लाख लिटर पाणी पडते. पूर्वी बंगल्याच्या बागेत त्यातले बरेच मुरत असे. सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसले की ते पाणी फाटकातून थेट गल्लीच्या गटारात उतरते. ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे, पण नुसता खड्डा पुरेसा नसतो. आपल्याकडची काळी माती भिजून फुगली की पाणी सहसा आत घेत नाही, त्यामुळे खड्डा मुरमापर्यंत किंवा बोअरपर्यंत नेला आहे का, हे विचारलेच पाहिजे. खड्डा कुठे आहे, किती खोल आहे आणि भरल्यावर पाणी कुठे जाणार, या तीन प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले तर समोरच्या अभियंत्याने काम केले आहे असे समजावे.

खोदाईपूर्वी आपल्या भिंती

तळघर असेल किंवा पाया खोल असेल, तर खोदाई तुमच्या भिंतीपासून काही फुटांवर येते. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. खोदाईतले पाणी पंपाने उपसू लागले की शेजारच्या पायाखालची मातीही वाळते आणि बसते. आरसीसी इमारत हे थोडेफार सोसते, पण दगड-मातीच्या जुन्या वाड्याची भिंत सोसत नाही.

खोदाई सुरू होण्यापूर्वी घराच्या प्रत्येक खोलीच्या चारही भिंती आणि छत यांचे तारखेसह फोटो घ्यावेत, आणि जुन्या भेगांची उगाच लपवाछपवी करू नये. जी भेग आधीपासून आहे तिच्यावर बोटभर रुंद प्लास्टर ऑफ पॅरिसची आडवी पट्टी मारून त्यावर तारीख लिहावी. भिंत हलली की पट्टी तडकते. दर रविवारी पाहून वहीत नोंद करावी. चांगला विकासक हे सर्वेक्षण स्वतःच्या खर्चाने करतो, कारण उद्या गावातल्या प्रत्येक जुन्या भेगेचे खापर त्याच्यावर फुटू नये, हे त्याच्याही हिताचे असते. खोदाईच्या कडेला माती धरून ठेवणारा आधार दिला आहे का आणि पावसाळ्यात खड्डा उघडा राहणार आहे का, हे दोन प्रश्न संरचना अभियंत्याला लेखी विचारावेत. मृगाच्या तोंडावर उघडलेला खड्डा मला अजूनही झोप लागू देत नाही.

सावली काठीने मोजा

टॉवरमुळे आमचा सूर्य जाईल, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. कधी ती खरी असते, कधी नसते, आणि दोन्ही वेळा ती मोजता येते.

सांगली सुमारे १६.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या दरम्यान, जूनमध्ये, दुपारची सावली दक्षिणेकडे आणि अगदी आखूड पडते. अडचण असते ती हिवाळ्याची. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य सर्वांत वर असतो, तरी क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर येतो. सपाट गच्चीवर एक मीटरची काठी सरळ उभी केली, तर त्या वेळी तिची सावली सुमारे ८५ सेंटीमीटर पडते आणि नेमकी उत्तरेकडे पडते. त्याच दिवशी सकाळी नऊ वाजता तीच सावली दोन मीटरहून लांब असते आणि वायव्येकडे झुकते.

आता ३६ मीटर उंचीचा, म्हणजे साधारण बारा मजल्यांचा टॉवर धरा. डिसेंबरच्या भर दुपारी त्याची सावली उत्तरेला सुमारे ३० मीटर जाते. सकाळी नऊला ती वायव्येला ७५ मीटरच्या पुढे पोहोचते. तुमचे घर टॉवरच्या दक्षिणेला असेल, तर सावलीची भीती सोडून द्यावी आणि शक्ती भरावाच्या प्रश्नाकडे वळवावी. घर उत्तरेला किंवा वायव्येला असेल, तर स्थळदर्शक नकाशावर या मापाने रेघा ओढून पाहाव्यात : सौर बंबाच्या पट्ट्या, अंगणातली विहीर, वाळवणाची गच्ची आणि अभ्यासाची खोली त्यांत येतात का?

इथे उंचीइतकीच रुंदीही महत्त्वाची असते. बारीक आणि उंच टॉवरची सावली घड्याळाच्या काट्यासारखी पुढे सरकते. एका गच्चीवर ती तासा-दीड तासात येऊन जाते. पूर्व-पश्चिम लांबच लांब पसरलेली सात मजली इमारत मात्र उत्तरेकडच्या घरांवर हिवाळाभर सावली धरून बसते. मजले कमी करून घेतल्याच्या आनंदात इमारत आडवी झाली, तर शेजाऱ्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला असे समजावे. आणि एप्रिलच्या चार वाजता पश्चिमेकडच्या टॉवरची सावली अंगणात आली, की तिला नावे ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

फाटक, भिंत आणि रस्त्याकडची बाजू

पेठेतल्या रस्त्यावरून चालताना दर दहा-बारा फुटांवर एखादे दार, दुकान, ओटा किंवा खिडकी लागते. कोणीतरी बसलेले असते, कोणीतरी पाहत असते. नव्या टॉवरसमोरून चालताना दोनशे फूट नुसती भिंत लागते, तिच्यात दोन लोखंडी फाटके आणि एक वॉचमनची केबिन. रात्री क्लासहून परतणाऱ्या मुलीला या दोन रस्त्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

पूरप्रवण भागात तळमजला मोकळा ठेवणेच बरे, त्यामुळे तिथे राहती घरे हवीत असा हट्ट चुकीचा ठरेल. परंतु पार्किंग मोकळे असणे आणि रस्त्याची बाजू मेलेली असणे, या दोन गोष्टी एकच नव्हेत. रस्त्याकडची भिंत कंबरेएवढी भरीव आणि वर लोखंडी जाळीची ठेवली, तर नजर आरपार जाते. पूर आला तर पाणीही आरपार जाते. सलग भरीव भिंत पुराच्या पाण्याला बांधासारखी अडवते आणि ते बोळातून दुसऱ्याच्या घरात घालते, हे पुन्हा सांगायला हवे. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला दीड फूट रुंदीचा दगडी कट्टा काढला, तर खर्च किरकोळ येतो आणि संध्याकाळी तिथे माणसे बसतात. रस्ता बाजाराचा असेल तर पुढच्या बाजूला उंच जोत्यावरची तीन-चार छोटी दुकाने मागावीत. किराणा, औषधे, इस्त्री, गिरणी अशी दुकाने टॉवरमधल्या माणसाला गल्लीत उतरवतात आणि गल्लीतल्या माणसाला टॉवरशी बोलते करतात. मोठ्या शोरूमच्या काचेने हे काम होत नाही.

फाटकाची जागा नकाशावर बोटाने दाखवून विचारावी. वळणावर, शाळेच्या दारासमोर किंवा घंटागाडी थांबते तिथे फाटक आले, तर रोज सकाळी कोंडी होणारच. फाटक भिंतीपासून एक गाडी मावेल इतके आत असावे, म्हणजे वॉचमन फाटक उघडेपर्यंत गाडी रस्त्यात उभी राहत नाही. फाटक अग्निशमन गाडी सहज आत येईल इतके रुंद लागते आणि उंच इमारतीभोवती ती गाडी फिरेल अशी सहा मीटरची मोकळी वाट असावी लागते. या वाटेवर पुढे झाडांच्या कुंड्या, जनरेटर आणि पाहुण्यांच्या दुचाकी साठतात. टॉवर पेटला तर आगीची गाडी गल्लीतूनच येणार आहे, तेव्हा ती वाट मोकळी राहणे हा शेजाऱ्याच्याही सुरक्षिततेचा प्रश्न आहे. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. इमारत वापरात आल्यावर ते माहितीच्या अधिकारात मागता येते.

पाहुण्यांच्या गाड्या आणि घरपोच सामान आणणारी मुले यांची सोय आतच आहे का, हेही विचारावे. नकाशात पाहुण्यांचे पार्किंग दाखवलेले असते आणि ताबा देताना ते कोणाला तरी विकल्यासारखे वाटून टाकलेले असते, असा अनुभव येतो. त्यासाठी पार्किंगचा मंजूर तक्ता जपून ठेवावा.

नळ आणि सांडपाणी यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण हिशेब साधा आहे. अठ्ठेचाळीस सदनिका, घरटी चार माणसे आणि माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर रोज सुमारे २६ हजार लिटर पाणी लागते आणि त्यातले ऐंशी टक्के, म्हणजे २१ हजार लिटरच्या आसपास, ड्रेनेजमध्ये जाते. गल्लीतली ड्रेनेजची नळी कोणत्या व्यासाची आहे आणि टॉवरची जोडणी कोणत्या चेंबरला होणार, हे प्रभागाच्या अभियंत्याकडून लेखी घ्यावे. नळाचे पाणी कमी पडले की टॉवर बोअर घेतो किंवा टँकर मागवतो. बोअर घेतली तर तुमच्या विहिरीची उन्हाळ्यातली पातळी आजच मोजून ठेवावी. टँकर येणार असेल तर तो रस्त्यात उभा राहून रिकामा होणार की आत, हे ठरवून घ्यावे.

जागेवर झाडे असतील, तर ती तोडण्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. जुन्या बंगल्याच्या आवारातला आंबा किंवा कडुलिंब बहुधा कुंपणालगत, म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात असतो आणि तो राखून बांधकाम करणे बरेचदा शक्य असते. नकाशात झाड दाखवलेले नसेल तर ते दाखवायला लावावे. कागदावर नसलेले झाड जागेवर टिकत नाही.

बोलायला कधी आणि कसे जावे

शेजाऱ्यांच्या बोलण्याला सर्वांत जास्त किंमत असते ती परवानगी मिळाल्यापासून जोते पूर्ण होईपर्यंत. जोते झाल्यावर महापालिकेकडे कळवून तपासणी करून घ्यावी लागते. त्यानंतर फाटक सरकत नाही, पातळी बदलत नाही आणि समासातली, म्हणजे इमारत आणि हद्द यांमधली, मोकळी जागा वाढत नाही. त्यामुळे पहिली बैठक जोत्यापूर्वीच व्हायला हवी.

बैठकीला पन्नास माणसांचा मोर्चा नेऊ नये. तीन-चार जण जावेत, त्यांत एखादी बाई जरूर असावी, कारण नळाच्या वेळा, चेंबरचा वास आणि वाळवणाची गच्ची यांची माहिती घरातल्या पुरुषांना क्वचितच असते. बरोबर एक पानाची यादी असावी आणि तिच्यात जास्तीत जास्त पाच मागण्या असाव्यात. भराव नको, खांबांवर बांधा. भिंत जाळीची करा. फाटक वळणापासून दूर घ्या. खोदाईपूर्वी शेजारच्या घरांचे सर्वेक्षण करा. रात्री दहानंतर यंत्रे बंद ठेवा. शेवटची मागणी तर कायद्यातच आहे : निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ मानली जाते. या मागण्यांनी विकासकाचा एकही मजला कमी होत नाही, आणि म्हणूनच त्या मान्य होण्याची शक्यता असते. "दोन मजले कमी करा" अशी सुरुवात केली, की समोरचा माणूस वहीच मिटतो.

जे ठरेल ते त्याच दिवशी पत्राने किंवा ईमेलने कळवावे : "आज झालेल्या चर्चेत आपण पुढील गोष्टी मान्य केल्या." त्यावर हरकत आली नाही तर तो कागद पुढे उपयोगी पडतो. काम मंजूर नकाशाच्या बाहेर गेल्याचे दिसले, तर मोजमाप आणि फोटोंसह नगररचना विभागाला लेखी कळवावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये अशा बांधकामाला नोटीस देण्याची तरतूद आहे. तक्रारीत सूर चिडका नको, आकडे हवेत.

ताबा दिल्यानंतर विकासक निघून जातो आणि शेजाऱ्याला नवा माणूस शोधावा लागतो. काही टॉवरमध्ये १९६० च्या कायद्याखाली सहकारी गृहनिर्माण संस्था होते, काहींमध्ये १९७० च्या कायद्याखाली अपार्टमेंट मालकांचा संघ. गल्लीला त्यातला कायदेशीर फरक फारसा लागू होत नाही. सचिव कोण, एवढे कळले तरी पुरते. पहिल्या वर्षीच्या गणपतीत गल्लीच्या मंडळाने टॉवरमध्ये वर्गणीच्या पावतीबरोबर बैठकीचे निमंत्रणही पाठवावे. वर्गणी मागणाऱ्याला लोक फाटकातूनच परत पाठवतात, बैठकीला बोलावणाऱ्याला निदान नाव विचारतात.

आणि मे महिना संपण्यापूर्वी त्या सचिवाबरोबर एकदा टॉवरच्या पार्किंगमध्ये फेरी मारावी. विजेचे पॅनेल, पाण्याचा पंप आणि जनरेटर हे सगळे आपल्या भिंतीवरच्या पुराच्या डागापेक्षा उंच आहेत का, हे त्याच लेव्हल पाइपने त्याला दाखवावे. २०१९ मध्ये पाणी आले तेव्हा वरच्या मजल्यांवरची घरे कोरडी राहिली, पण खालचे पंप आणि पॅनेल बुडाल्यामुळे ज्यांना लिफ्ट नाही, पाणी नाही आणि दिवा नाही अशा अवस्थेत दिवस काढावे लागले, त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही. मग आपले काम मांडावे : आयर्विनला पाणी चाळीस फुटांवर गेल्याची बातमी आली, की बैठ्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना टॉवरच्या पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात न्यायचे, दुचाकी आणि गॅसच्या टाक्या कुठे ठेवायच्या, जिन्याच्या दाराची दुसरी किल्ली गल्लीत कोणाकडे राहील. किल्ली कोणाच्या घरी आहे ते वॉचमनच्या केबिनमध्ये खडूने नव्हे, ऑइलपेंटने लिहून ठेवावे, कारण वॉचमन दर सहा महिन्यांनी बदलतो.